हिरव्या चिंधीच्या बकऱ्या

बकऱ्या जयवंताच्या कोठ्यात होत्या, पण त्यांच्या गळ्यातली गाठ रुख्माबाईची होती.

जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या फाडून रुख्माबाईनं त्या आपल्या बकऱ्यांच्या गळ्यात बांधल्या होत्या. गाठ साधी नव्हती. तिचे वडील कापसाच्या बोऱ्याचं तोंड बांधताना मारायचे तशी, टोक दोनदा आत घेऊन ओढलेली. एकदा सुटली तर दुसऱ्या कोणाला ती तशीच मारता येणार नाही, असं तिला वाटे. रोज सकाळी ती आपल्या फाटकापाशी उभी राही. जयवंता बकऱ्या घेऊन नाल्याकडे निघाली की तिला थांबवी आणि चिंधीच्या एकेका बकरीला जवळ ओढून गाठ बोटांनी चाचपून पाही.

"हं. ने आता," ती म्हणे.

"सुटली तं नाई ना काकू?" जयवंता विचारी.

"सुटली असती तं तुले सांगतलंच असतं."

आत ओसरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले रूपराव बायकोला म्हणाले, "बकऱ्या हायेत का कैदी? रोज हजेरी घेऊन राह्यली."

"तुमी खर्रा घोटा," रुख्माबाई म्हणाली.

सेलूच्या पुढे चिंचधऱ्याला बकऱ्या बटईनं देण्याची जुनी रीत आहे. एखाद्याकडे बकऱ्या असतात पण चारायला माणूस नसतो. तो त्या दुसऱ्याला पोसायला देतो. मूळची बकरी मालकाची राहते आणि तिला होणारी पिल्लं निम्मी मालकाची, निम्मी पोसणाऱ्याची. वाटणी दिवाळी झाल्यावर होते. तिचा नियम लहान मुलालाही समजेल असा आहे. पोसणाऱ्यानं पिल्लांचे दोन वाटे घालायचे आणि मालकानं त्यातला हवा तो उचलायचा. घरात दोन भावांना एक भाकर दिली तर एकानं मोडायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची, तसंच. आपल्याकडे कोणता तुकडा उरेल ते मोडणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो मधोमध मोडतो. पोसणाराही त्याच कारणानं वर्षभर सगळ्या पिल्लांना सारखं जपतो.

या नियमात कोणी कोणावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. तरी त्या वर्षी रुख्माबाईनं तो मोडला.

त्याला कारण झाला एक फोन. आर्वीहून तिची बहीण यशोदाबाई बोलत होती. तिकडे म्हणे बटईच्या कोण्या बाईनं मालकिणीची चांगली बकरी बाजारात विकली, आणि कुठून तरी एक मेलेली बकरी आणून दाखवली की ही तुमचीच.

"आन मालकिणीनं मानलं?" रुख्माबाईनं विचारलं.

"मेलेल्या बकरीचं तोंड कोन पाह्यते बाई?" यशोदाबाई म्हणाली.

फोन ठेवला तरी ते वाक्य तिच्या कानातून गेलं नाही. रुख्माबाईच्या बकऱ्या माहेराहून आलेल्या बकरीच्या वंशातल्या होत्या. कपाळावर पांढरा टिळा असलेली चांदी तिची सगळ्यात लाडकी. गुडघे धरल्यापासून रुख्माबाईला रानात जाणं होत नव्हतं, म्हणून तिनं चांदी आणि चांदीची मोठी लेक भुरी या दोघी जयवंताला बटईनं दिल्या होत्या. जयवंताचा नवरा तानबा सावंगीला एका खानावळीत कामाला होता आणि आठवड्यातून एकदा घरी येई. शेत नव्हतं. आपल्या वाट्याची पिल्लं जपून स्वतःचा एक कळप उभा करायचा, एवढंच जयवंताच्या मनात होतं. बटई लबाडीच्या संशयानं मोडली, तर पुन्हा गावात तिला कोणी एक पिल्लूही पोसायला देणार नव्हतं. हे जयवंताला ठाऊक होतं, आणि रुख्माबाईलाही.

पेरण्यांच्या आधी एका सकाळी रुख्माबाई चिंध्या घेऊनच जयवंताच्या अंगणात गेली.

"वाटे घाल," ती म्हणाली.

"आत्ता? दिवाळी कुठं आली काकू?"

"नाई आली तं नाई आली. माह्यं कोनतं हाये थे मले आजच दिसलं पाह्यजे."

जयवंतानं दोघींना वर्षभरात झालेल्या सहा पिल्लांचे दोन वाटे घातले. चांदीची जुळी पिल्लं तिनं मुद्दाम दोन वाट्यांत एकेक ठेवली. रुख्माबाईनं दोन्ही वाट्यांभोवती दोनदा फिरून एक उचलला. मग त्या तिघांच्या आणि चांदी-भुरीच्या गळ्यात चिंध्या बांधल्या. उरलेली तिघं जयवंताची, बिनचिंधीची.

"काकू," गाठी मारून होईपर्यंत थांबून जयवंता म्हणाली, "तुमच्या धुऱ्यावरच्या बाभळीच्या चार डांगा तोडू का? पानी लागलं का रोज सकाळी थोडा पाला टाकत जाईन. माह्या माहेरी टाकते. पावसाळ्यात बकरीचं पोट चांगलं राह्यते."

धुरा म्हणजे शेताचा बांध. रुख्माबाईच्या धुऱ्यावर चार मोठ्या बाभळी होत्या.

"पोट चांगलं राह्यते का चूल चांगली पेटते?" रुख्माबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "पाला बकरी खाईन आन काड्या तू नेशीन."

"तसं नाई काकू."

"मले शिकवू नोको. बाभूळ खाऊन लेंड्या गोट्यावानी होते. माह्या मायच्या घरी एक बकरी तशीच बसली होती, उठलीच नाई. माह्या बकऱ्याइले बाभळीचं पान लावायचं नाई. चिंधीवाल्या एकीलेही नाई. आयकलं?"

"आयकलं."

"आन माह्या धुऱ्याले हात लावायचा नाई."

"नाई लावत."

घरी आल्यावर रुख्माबाईनं हे सगळं रूपरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू सीआयडीत पाह्यजे होती. सरकारचं नुकसान झालं."

पाऊस लागला. जयवंता नाल्याकाठच्या बेवारस बाभळीच्या फांद्या लांब बांबूला विळा बांधून तोडू लागली. रोज सकाळी ती त्या कोठ्याच्या आड्याला उलट्या टांगी. बिनचिंधीची तीन पिल्लं मागच्या पायांवर उभी राहून पाला ओरबाडत. चिंधीच्या पाच बकऱ्या तिनं समोरच्या भिंतीशी बांधलेल्या असत, त्यांच्यापुढे तुरीचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा. चांदी दाव्याला ताण देऊन मान लांबवी, पण तिचं तोंड फांदीपर्यंत पोचत नसे. पाला संपून गवतावरचं पाणी जरा सुकलं की सगळ्या एकत्र चरायला निघत.

आषाढ सरता सरता चिंधीच्या बकऱ्या खंगायला लागल्या. आधी केस राठ झाले. मग चालताना त्या मागे पडू लागल्या. रोज फाटकापाशी गाठ पाहताना रुख्माबाईच्या बोटांना गळ्याची हाडं लागू लागली. आणि बिनचिंधीची तीन पिल्लं मात्र तिच्या अंगणातल्या झेंडूवर उड्या मारत.

रुख्माबाई विचार करायला लागली, आणि तिचा विचार एकाच दिशेनं जायचा.

जंताच्या औषधाची बाटली दरवर्षीप्रमाणे रूपरावांनी सेलूहून आणून जयवंताला दिली होती. त्यातलं औषध जयवंतानं आपल्या पिल्लांना पाजलं असेल आणि आपल्या बकऱ्यांना पाणी, असं रुख्माबाईनं ठरवलं. तिनं दुसरी बाटली मागवली, स्वतः कोठ्यात गेली आणि चिंधीच्या पाचही जणींना आपल्या हातानं औषध पाजलं. जयवंतानं एकेकीचं तोंड धरून दिलं.

काही फरक पडला नाही. म्हणजे जयवंतानं औषधाऐवजी पाणी पाजलं नव्हतं. मग तिला वाटलं, ही माझ्या बकऱ्यांना पोटभर चारत नसेल. तिनं चार दिवस पोट पाहिलं. पोटं भरलेली होती. मग तिला वाटलं, काहीतरी खायला घालत असेल. काय, ते तिला सांगता येत नव्हतं, पण जितकं सांगता येईना तितका संशय घट्ट होत गेला.

श्रावणात भुरीचं पिल्लू मेलं. जयवंता ते हातावर घेऊन फाटकाशी आली. चिंधी गळ्यात तशीच होती.

"पाहून घ्या काकू."

रुख्माबाईनं खाली बसून पिल्लाचं तोंड पाहिलं, कानामागचा तपकिरी ठिपका पाहिला, गाठ पाहिली. गाठ तिचीच होती. पिल्लू तिचंच होतं. बदललेलं असतं तर एकदाचं कळलं असतं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

"काकू, एक सांगू?" जयवंता म्हणाली. "माह्याइले काही झालं नाई. मले वाटते बाभळीनं..."

"पुन्हा थेच?" रुख्माबाई उठून उभी राहिली. "मेलेलं पिल्लू हातात घेऊन तू मले बाभूळ मांगतं?"

जयवंतानं त्यानंतर तो विषय काढला नाही.

आता रुख्माबाईचं फाटकापाशी थांबून भागणार नव्हतं. एका दुपारी गुडघ्यांना तेल लावून ती काठी टेकत नाल्याकडे गेली आणि धुऱ्याच्या आड, वाढलेल्या तुरीमागे बसली. बकऱ्या समोर चरत होत्या. जयवंता दगडावर बसून पायातला काटा काढत होती.

नाल्याकाठची एक बाभळीची फांदी वाऱ्यानं मोडून खाली लोंबत होती. चांदी हळूहळू तिच्यापाशी गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिनं पाल्याचा एक घास तोंडात घेतला. जयवंतानं वर पाहिलं. हातातली सुई टाकून ती अनवाणी धावली, चांदीला मानेशी धरून खाली ओढलं आणि तिच्या दातांतून तो पाला बोटांनी ओढून काढला. चांदी ओरडली. जयवंतानं तिला पाठीवर चापट मारून दूर हाकललं, आणि तीच फांदी मोडून आपल्या तीन पिल्लांपुढे टाकली.

रुख्माबाई तुरीतून बाहेर आली.

"पाह्यलं. आज माह्या डोळ्यानं पाह्यलं. माह्या बकरीच्या तोंडातला घास काढून तुह्याले घातला."

जयवंता वळली. "काकू, तुमी कवाच्या इथं?"

"कवाची का असंना. चाल बापूजीकडे."

"काकू, तुमीच तं..."

"जे बोलायचं थे बापूजीपुढं बोल."

बापूजी म्हणजे गावातले वयानं मोठे शेतकरी. बटईच्या वाटण्या त्यांच्या साक्षीनं होत. त्यांनी ओसरीवर बसून रुख्माबाईचं सगळं ऐकलं. जयवंता खांबाशी उभी होती. आजूबाजूच्या बायाही जमल्या. ज्या रीताची बकरी पुढच्या वर्षी जयवंताला बटईनं मिळायची होती, तीही त्यांत होती. जयवंतानं तिच्याकडे पाहिलं तर ती दुसरीकडे पाहू लागली.

"बटई मोडा," रुख्माबाई म्हणाली. "आजच्या आज."

"मोडता येते," बापूजी म्हणाले. "पन आधी बकऱ्याइले काय झालं थे कळू द्या. उद्या तुमच्या कोठ्यात नेल्यावर मेल्या, तं मंग थे कोनावर येईन? सेलूच्या डॉक्टरीन बाईले बोलावू."

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर मोहिनी स्कूटीवर आल्या. जयवंताच्या अंगणात बरेच लोक जमले होते. डॉक्टरांनी पिशवी उघडायच्या आत रुख्माबाईनं विचारलं, "तुमचं माहेर कोनतं?"

"यवतमाळ. का हो मावशी?"

"आर्वीकडचं नाई ना?"

"नाही."

"मंग ठीक हाये. इचं माहेर आर्वीकडलं हाये, म्हून इचारलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चांदीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं अलगद ओढली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"इथं पाहा. निरोगी बकरीची ही आतली बाजू लाल-गुलाबी असते. ही पाहा, सरकीवरून काढलेल्या कापसासारखी पांढरी आहे. अंगात रक्त राहिलं नाही म्हणून. आणि हे जबड्याखाली लोंबतंय ना, त्यात पाणी साठलंय. हेही रक्त कमी झाल्यामुळेच."

मग त्यांनी चांदीच्याच दुसऱ्या पिल्लाची, बिनचिंधीच्या बोकडाची पापणी ओढली. ती गुलाबी होती. जमलेल्या बायांत कुजबुज झाली आणि सगळ्यांच्या नजरा जयवंताकडे गेल्या.

"दोघांच्या लेंड्या तपासायला नेते," डॉक्टर म्हणाल्या.

"थांबा," रुख्माबाई म्हणाली. "भरीन मी."

तिनं आपल्या हातानं लेंड्या उचलल्या. चिंधीच्या बकऱ्यांच्या एका पिशवीत, बिनचिंधीच्या दुसऱ्या. चिंधीच्या पिशवीला हिरव्या चिंधीनं आणि दुसरीला पांढऱ्या दोऱ्यानं तिनं आपली ती बोऱ्याची गाठ मारली.

"वाटेत कोनी अदलाबदल करायले नोको," ती म्हणाली.

"कोन करते अदलाबदल? लेंड्याची?" रूपराव मागून म्हणाले. एकदोघी हसल्या. जयवंता हसली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर परत आल्या. त्यांनी आधी चिंधीच्या बकऱ्यांना दुसरं औषध पाजलं, सुई दिली, आणि मग त्या अंगणातल्या बाजेवर बसल्या. बापूजी आले होते, रुख्माबाई आणि रूपराव होते. जयवंता कोठ्याच्या दाराशी हातात दावी घेऊन उभी होती. बकऱ्या परत द्यायला सांगितलं तर वेळ लागू नये, म्हणून तिनं ती आधीच सोडवून ठेवली होती.

"हिरव्या पिशवीत जंताची अंडीच अंडी होती," डॉक्टर म्हणाल्या. "पांढऱ्या दोऱ्याच्या पिशवीत फार थोडी. गाठी मी स्वतः कापल्या, मावशी. सुटता सुटत नव्हत्या."

"नाईच सुटत," रुख्माबाई म्हणाली.

"हा जंत पोटाला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी लेंड्यांतून बाहेर पडतात. पावसाळ्यात ओलाव्यानं त्यांतून पिल्लं निघतात आणि गवताच्या बुडाशी बसतात. बकरी ते गवत खाते आणि पुन्हा पोटात जंत. तुम्ही पाजलेलं औषध खोटं नव्हतं. पण वर्षानुवर्षं तेच तेच दिलं की जंत त्याला भीत नाहीत. मी आज वेगळं दिलंय." त्या थोडं थांबल्या. "पण मला एक समजत नाही. या सगळ्या एकाच नाल्यावर चरतात, एकाच कोठ्यात राहतात. मग अर्ध्यांनाच का झालं? काहीतरी वेगळं होतंय इथं. ते कळलं नाही तर आज औषधानं उठतील आणि महिनाभरात पुन्हा अशाच पडतील. ही कपाळावर टिळा असलेली तर पुन्हा उठायची नाही."

"हेच तं मी इचारून राह्यली ना," रुख्माबाई म्हणाली. "इले इचारा."

डॉक्टरांनी जयवंताकडे पाहिलं. "तुमच्या पिल्लांना वेगळं काय देता?"

"बाभळीचा पाला. रोज सकाळी."

"आणि यांना?"

जयवंतानं दावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काकूले इचारा," ती म्हणाली.

बापूजींनी रुख्माबाईकडे पाहिलं. बाभळीची बंदी घातली तेव्हा तिथं जयवंताशिवाय कोणी नव्हतं. नंतर घरी ऐकली ती फक्त रूपरावांनी, आणि रूपराव आत्ता मन लावून चपलेला लागलेला चिखल काढत होते. मी काही सांगतलं नव्हतं, इनं आपल्या मनानंच पाला नाई दिला, एवढं म्हटलं की झालं असतं. जयवंताचा शब्द आणि तिचा शब्द. बापूजींनी कोणाचा मानला असता, ते रुख्माबाईला माहीत होतं.

चांदी भिंतीशी बसली होती. तिची मान जबड्याखालच्या त्या थैलीनं खाली ओढल्यासारखी दिसत होती. महिनाभरात पुन्हा अशाच पडतील. रुख्माबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"मी नाई म्हनलं होतं," ती म्हणाली. "माह्या बकऱ्याइले बाभळीचं पान लावू नोको, म्हून."

"आन त्या दिवशी तोंडातून पाला काढला थो?" बापूजींनी जयवंताला विचारलं.

"काकूनं सांगतलं होतं, पान लागू द्यायचं नाई. तुरीमागं कोन बसलं हाये, मले का माहीत? कोनी नसतं तरी काढलाच असता. उद्या चांदीले काही झालं असतं, तं बाभळीनंच झालं म्हनलं असतं."

"म्हनलं असतं," रूपराव चपलेकडेच पाहत म्हणाले.

डॉक्टर उठून आड्याला टांगलेल्या फांदीपाशी गेल्या. एक डहाळी मोडून त्यांनी त्यातलं एक पान चघळलं आणि तोंड वाकडं केलं. "तुरट आहे. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तेच. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात तेही याच्यामुळेच. याला टॅनिन म्हणतात. हे पोटात गेलं की जंतांना मानवत नाही, त्यांची अंडी कमी होतात. शिवाय आधी पाला खाऊन मग गवतावर गेल्यानं बकरी बुडापर्यंतचं ओलं गवत कमी खाते. पण मावशी म्हणतात तेही अगदीच खोटं नाही. नुसती बाभूळच खाऊ घातली तर लेंड्या घट्ट होतात, खाणं कमी होतं. म्हणून थोडा पाला, बाकीचा दुसरा चारा. आणि हा पाला म्हणजे औषध नव्हे. पापणी पांढरी झालेल्या बकरीला औषधच लागतं."

"मी म्हनलंच होतं, गोट्यावानी लेंड्या," रुख्माबाई म्हणाली.

डॉक्टर गेल्या. बापूजी काठी टेकून उठले.

"मंग रुख्माबाई, बटई मोडायची का ठेवायची? काय थे आत्ताच सांगा. ही दावी हातात घेऊन उभी हाये."

रुख्माबाई चांदीपाशी जाऊन खाली बसली. जबडा सुजल्यानं वर सरकलेली चिंधी चांदीच्या गळ्यात रुतली होती, तिथले केस गळून कातडी उघडी पडली होती. तिनं गाठीत नखं घातली. पावसानं भिजून आणि वाळून गाठीचा दगड झाला होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मग दातांनी ओढून पाहिलं. गाठ हलली नाही.

"रुतली होती तं सैल काऊन नाई केली?" तिनं मागे न पाहता विचारलं.

"गाठ सोडली असती, तं बकरी बदलवली म्हनलं असतं तुमी."

रुख्माबाईनं मागे हात केला. "विळा दे."

जयवंतानं बांबूचा विळा सोडून तिच्या हातात दिला आणि चांदीची मान धरली. रुख्माबाईनं चिंधी आणि कातडी यांच्यामध्ये आपलं बोट घालून ती कापली. मग भुरीची कापली, मग दोन पिल्लांची. चिंध्यांचा बोळा तिनं कमरेला खोचला.

"आता कोनती कोनाची, कसं कळन?" बापूजींनी विचारलं.

"नाई कळलं तं नाई कळलं. दिवाळीले जयवंता वाटे घालीन, मी उचलीन. जशी रीत हाये तशी."

हे ऐकून जयवंताचा चेहरा उजळायला हवा होता. पण ती कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. आतापर्यंत तीन धडधाकट पिल्लं तिची होती. आता पाचही पिल्लं पुन्हा एकत्र झाली, त्यांत दोन आजारी, आणि आधी उचलायचा हक्क रुख्माबाईचा.

"म्हंजे माह्ये चांगले पिल्लंही वाट्यात गेले?" ती म्हणाली.

"गेले. म्हून आता दोघं आजारी हायेत त्याइलेही तुले उठवा लागन. नाई उठवले तं एखादं तुह्याच वाट्याले येईन."

"आन पाच पिल्लाचे दोन वाटे कसे घालू?"

"एका वाट्यात दोन धडधाकट घाल, दुसऱ्यात उरलेले तीन. हे मी शिकवू का तुले?"

जयवंतानं त्यावर विचार केला. रूपरावांना वाटलं, ही आता नाही म्हणणार.

"मंग धुऱ्यावरच्या बाभळी लागतीन मले," ती म्हणाली. "नाल्यावरचा पाला आता सगळ्याइले पुरत नाई."

"घे."

"आन काड्या?"

रुख्माबाई थबकली. पाला गेल्यावर उरणाऱ्या काड्यांचा तिनं विचारच केला नव्हता. तिनं जयवंताकडे पाहिलं, मग आड्याला टांगलेल्या फांद्यांकडे.

"अर्ध्या अर्ध्या," ती म्हणाली.

"वाटे मी घालीन," जयवंता म्हणाली. "तुमी उचला."

"बाप्पा," रूपराव म्हणाले, "आता काड्याइचीही बटई."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्माबाई नेहमीसारखी फाटकापाशी उभी होती. बाभळीचा पाला खाऊन झालेल्या बकऱ्या घेऊन जयवंता वाटेनं आली. चांदी सगळ्यांत मागे, हळू चालत होती. कोणाच्याही गळ्यात काही नव्हतं.

सवयीनं रुख्माबाईचा हात चांदीच्या गळ्याकडे गेला. तिथं चाचपायला काही नव्हतं. हात तसाच वर गेला आणि तिनं अंगठ्यानं चांदीची खालची पापणी ओढली, डॉक्टरांनी ओढली होती तशी. पापणी अजून पांढरीच होती. कडेला गुलाबी धार असल्यासारखं वाटलं, पण तिचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

"तू पाह्य बरं," ती म्हणाली.

जयवंतानं वाकून पाहिलं. "हाये थोडी. कडेकडेनं."

"खरं सांगतं?"

"खरं."

"उद्या पुन्हा पाहीन," रुख्माबाई म्हणाली. "बाकीच्याइचेही डोळे दाखव. एकेकीचे."

जयवंतानं एकेक बकरी पुढे ओढली आणि पापण्या उघडून दाखवल्या. रुख्माबाईनं सगळ्या पाहिल्या. मग ती फाटकाला टेकून उभी राहिली.

"हं. ने आता."